दोन दिवस वापरलेलं तिकीट, वर्षाचा पास आणि शिमगा

आधी पत्र. लांबलचक आहे म्हणून महत्त्वाचं तेवढंच देते:

"आम्ही गुहागर तालुक्यातले. हे एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, मी घर आणि सुपारीची वाडी बघते. डिसेंबरपासून लेकाकडे फ्लोरिडात टॅम्पाला आहोत, परतीचं विमान मे महिन्यातलं. लेकानं आम्हा दोघांना ऑरलँडोच्या डिस्नेचं 4 दिवसांचं तिकीट काढलं, टॅक्स धरून प्रत्येकी 700 डॉलर पडले. गेल्या शनिवारी-रविवारी 2 दिवस जाऊन आलो, ह्यांचे गुडघे अजून सुजलेत. आता लेक म्हणतो हे तिकीट देऊन वर्षाचा पास करून घेऊ, त्याचे टॅक्ससकट 1,735 होतात, तिकिटाचे 700 वजा होतील, वरचे भरू. पहिल्या दिवसापासून 14 दिवसांत करायला हवं, त्यातले 5 गेले. लेक, सून आणि नातू, तिघांकडे पास आहेतच. हे म्हणतात एकदा पंच झालेलं तिकीट कोण परत घेतो, काहीतरी गडबड आहे, आणि तसंही शिमग्याला घरी जाऊ, नाहीतर काजूच्या आधी तरी. मी दोघांच्या मध्ये. वयाची काही सवलत असते का? आणि पास नाही केला तर उरलेले 2 दिवस मार्चमध्ये येणाऱ्या विहीणबाईंना देता येतील का? पैसे फुकट जायला नकोत."

ताई, तुमच्या आधीची दोन पत्रं थांबवून तुमचं घेतेय कारण तुमच्या तिकिटाला तारीख आहे. शनिवार पहिला दिवस धरला तर पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी ते संपतं, म्हणजे हे वाचताय तेव्हा तुमच्या हातात एकच वीकेंड उरलाय.

आधी भावोजींची शंका, कारण ती अगदी बरोबर माणसाच्या डोक्यात आलीय, ज्यानं आयुष्यभर तिकिटं फाडली त्याला पंच झालेलं तिकीट म्हणजे संपलेलं तिकीट वाटणारच. पण त्यांना एवढंच विचारा की चिपळूणपर्यंतचं तिकीट काढलेला माणूस गाडीत बसल्यावर म्हणाला की मला पुढं संगमेश्वरला जायचंय, तर तुम्ही काय करायचात? त्याला गुहागरपासूनचं सगळं भाडं परत लावायचात का? पुढच्या टप्प्यांचे पैसे घ्यायचात आणि पुढचं तिकीट द्यायचात. डिस्नेवाले तेच करतात. तिकिटाची मुदत संपायच्या आत, अर्धं वापरलेलं असलं तरी, त्याची किंमत पासाच्या किमतीत धरतात आणि फरक घेतात. फसवाफसवी नाही, वर्षानुवर्षांची पद्धत आहे, लेकानं नीट माहिती काढलीय. एक गोष्ट मात्र त्यानं सांगितली की नाही माहीत नाही, असं बदलून घेतलेल्या पासाचं वर्ष काउंटरवर गेलात त्या दिवसापासून सुरू होत नाही, तिकीट पहिल्यांदा वापरलंत त्या शनिवारपासून धरतात. तुमच्या बाबतीत आठवडाभराचाच फरक आहे म्हणून त्याची काळजी नको.

वयाची सवलत, नाही. आपल्याकडे एसटीत 65 ला अर्धं, 75 नंतर फुकट, बायकांना तर 2023 पासून कुठल्याही वयात अर्धं, त्यामुळे आपल्याला वाटतं म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी कमी असेलच. डिस्नेत 10 वर्षांच्या पुढच्या सगळ्यांचं तिकीट एकाच भावाचं, मग 10 चा असो की 80 चा. आणि स्वस्तातले पास आहेत ते तिथल्या रहिवाशांना. लेकाला-सुनेला कदाचित त्यातलाच असेल, महिन्याच्या हप्त्यानं भरायची सोयपण फ्लोरिडाच्या रहिवाशांनाच आहे. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर, लेकाच्या घराचा पत्ता दाखवून चालत नाही. बाहेरच्या माणसाला एकच मिळतो, इनक्रेडी-पास, सगळ्यात महाग तोच. 2021 ला निघाला तेव्हा 1,299 डॉलरचा होता, दरवेळी थोडा थोडा वाढत तुम्ही लिहिलेल्या आकड्यापर्यंत आलाय, आणि तो एकरकमी भरायचा आणि परत मिळत नाही.

आता हिशोब. 1,735 मधून 700 गेले, राहिले 1,035. दोघांचे 2,070 डॉलर. आपल्या रुपयात पावणेदोन लाखाच्या वर जातात, पण मी तुम्हाला रुपयात करून घाबरवणार नाही, लेक डॉलरमध्ये कमावतो तर डॉलरमध्येच बघूया. एका दिवसाचं सुटं तिकीट कुठल्या पार्कला कुठल्या तारखेला जाता त्यावर असतं, स्वस्तातलं स्वस्त सव्वाशेच्या आसपास आणि सुट्टीच्या गर्दीत दोनशेच्या वर, मधला 180 धरू. म्हणजे उरलेले 2 दिवस तर तुमचे आहेतच, पासानं ते वाढत नाहीत, त्यांच्यानंतर अजून 6 वेळा गेलात तर पास आणि सुटी तिकिटं सारखीच पडतात, सातव्या वेळेपासून फायदा. एकूण 8 फेऱ्या, त्यासुद्धा दोघांच्या. टॅम्पाहून ऑरलँडो गाडीनं दीड तास जायला दीड यायला, आणि मध्ये दिवसभर उभं राहणं.

इथे बरेच जण म्हणतात की पासावर पार्किंग फुकट, खाण्यावर, दुकानात सूट, ते पण धरा की. मी म्हणते नका धरू. गाडी एकच आहे आणि ती लेकाच्या पासावर फुकट लागतेच आहे, नातवाचा टी-शर्ट घ्यायचा तर सून तिच्या पासावर घेईल. पासाचे जे जे फायदे आहेत ते तुमच्या घरात आधीच आलेत, तुमचा पास त्यात काही भर घालत नाही. त्याच्यावर एका दिवसात दोन-दोन पार्कं करता येतात हा अजून एक फायदा सांगतील, पण सुजलेल्या गुडघ्यांनी एक पार्क पुरतं. आणि पास असला म्हणजे मनात आलं की उठून गेलो असंही नाही, त्यालासुद्धा बऱ्याच दिवसांना आधी ॲपवर दिवस राखून ठेवावा लागतो, शनिवार-रविवारच्या मॅजिक किंगडमला (डिस्नेच्या तिथल्या चार पार्कांतलं एक) तर हमखास. लेकाला हे माहीत आहे, त्यानं पास वापरलाय.

म्हणून प्रश्न एवढाच उरतो की तुम्ही दोघं अजून 8 वेळा जाणार आहात का. आणि ह्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही ते भावोजींच्या तक्रारींमध्ये सहज टाकून दिलंत. "शिमग्याला घरी जाऊ."

ताई, विमान मे महिन्याचं आहे हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि शिमग्याचं दुसऱ्या ओळीत, आणि दोन्हींचा मेळ कुठेच घातला नाहीत. मला वाटतं घरात पण कोणी घातलेला नाही. लेक मेपर्यंतचे शनिवार मोजतोय आणि त्याचे वडील पालखी मोजतायत. शिमग्याला गेलात तर तुमच्याकडे किती शनिवार राहतात? जेमतेम चार-पाच. त्यात 8 फेऱ्या बसतच नाहीत. काजूपर्यंत ओढलंत तरी दोन-तीन आठवडे वाढतील, गुडघ्यांना प्रत्येक वेळी चार-पाच दिवस लागतात हे तुम्हीच लिहिलंय. फक्त मेपर्यंत पूर्ण राहिलात आणि दोन आठवड्यांतून एकदा तरी गेलात तरच हा पास पुरा पडतो.

मी कोकणात जन्मले, इथेच राहिले, मला माहितीय शिमगा म्हणजे काय ते. ज्या माणसानं नोकरीत असताना सणाच्या जादा गाड्यांवर ड्युटी केली, मुंबईचे चाकरमानी सगळे गावात आणून सोडले आणि स्वतः पालखीला दोन तास कसेबसे पोचला, त्याला रिटायर झाल्यावर तरी अंगणात पालखी आली की दारात उभं राहायचं असतं. तुम्ही ओटी भरणार, ते खांद्याला खांदा लावणार, ह्याच्यात वर्षभराचं काहीतरी असतं जे आपल्याला नीट सांगता पण येत नाही. आणि मागे वाडी आहे, माघ-फाल्गुनात शिंपणं चुकलं तर सुपारीचं काय होतं ते तुम्ही मला सांगाल. शेजाऱ्यावर किती दिवस टाकणार. भावोजी गुडघ्यांचं कारण देतायत, फसवणुकीचं कारण देतायत, पण मनात घर आहे. पुरुषमाणूस लेकाच्या घरी बसून "मला घरची आठवण येते" असं म्हणत नाही, तिकीट वाईट आहे असं म्हणतो.

आणि लेकाचंपण समजून घ्या. तो दोन हजार डॉलर पार्कासाठी देत नाहीये. त्याला माहितीय की वडिलांचा पाय इथे टिकत नाही, त्याला वाटतं वर्षाचा पास हातात असला म्हणजे हे मेपर्यंत तरी राहतील, कदाचित पुढच्या डिसेंबरात परत येतील. दर शनिवारी आई मागच्या सीटवर नातवाशेजारी बसलीय हे त्याला हवंय. हे वाईट नाही हो, किती चांगलं आहे. पण ह्या बोलण्यासाठी पास हे साधन चुकीचं आहे, कारण त्यानं वडिलांना न विचारता तारीख ठरवल्यासारखी होते.

मी हे अनुभवातून सांगतेय. काही वर्षांपूर्वी मी लेकीकडे तिकडे गेले होते, तिनं असंच एका मोठ्या पार्कचं तिकीट बदलून मला पास करून दिला, मी नको म्हणाले नाही कारण तिच्या तोंडावरचा आनंद मोडवेना. पुढच्या तीन महिन्यांत मी दोनदा गेले. त्यातल्या एकदा अंगात ताप होता आणि मी सांगितलं नाही, पास आहे ना, वाया जाईल म्हणून. दर रविवारी सकाळी ती विचारायची जायचं का आणि मी नाही म्हटलं की ती काही बोलायची नाही, पण मला ते पैसे दिसायचे. निघताना विमानतळावर आम्ही दोघी त्या पासाबद्दल एक शब्द बोललो नाही. आजही मला वाटतं मी पहिल्याच दिवशी तिला सांगायला हवं होतं की मला तुझ्या स्वयंपाकघरात बसायला जास्त आवडतं. म्हणून तुमचं पत्र वाचून राहवलं नाही.

तर माझं मत, पास करू नका. पण "नको, महाग आहे" म्हणून नका सांगू, लेकाला ते लागेल. आज-उद्या जेवताना आधी परतीची तारीख काढा. भावोजींना तोंडानं बोलू द्या की त्यांना शिमग्याला जायचंय. विमानाचं तिकीट पुढं-मागं करायला किती पडतात ते लेकाला बघायला सांगा. कदाचित असंही ठरेल की ते शिमग्याला जातील आणि तुम्ही मेपर्यंत राहाल, असं करणारी जोडपी मी आमच्या गल्लीतच दोन बघितलीयत, त्यात काही बिघडत नाही. तसं झालं आणि तुम्ही एकट्या नातवाबरोबर दर दुसऱ्या शनिवारी जायला खरंच तयार असाल तर फक्त तुमचा पास करा, दोघांचा नको. दोघांचा एकत्रच केला पाहिजे असा काही नियम नाही.

आणि उरलेले 2 दिवस नक्की वापरा. विहीणबाईंना ते देता येणार नाहीत, एक म्हणजे मार्चपर्यंत तिकिटाची मुदतच नाही, आणि दुसरं म्हणजे एकदा वापरलेलं तिकीट त्या माणसाच्या नावावर बांधलं जातं, गेटवर बोट टेकवून घेतात ना, ते त्याच्यासाठीच. पण ते ह्या वीकेंडला शनिवारी-रविवारी लागोपाठ नका करू, गेल्या वेळी त्यानंच गुडघे गेले. शनिवारी एक करा आणि लेकाला किंवा सुनेला पुढच्या आठवड्यात बुधवारी-गुरुवारी एक रजा टाकायला सांगा, मधल्या वारी गर्दीपण कमी असते, आणि दिवस आत्ताच ॲपवर राखून ठेवायला सांगा. गेटवर व्हीलचेअर भाड्यानं मिळते, ती घ्या. भावोजी नाही म्हणतील. सुरुवातीला तुम्ही बसा, मग दुपारी ते आपोआप बसतील.

कुठले दोन दिवस ते पण सांगते, कारण तुम्ही पत्रात पुढं लिहिलंय की मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओज झालं आणि तिथे डोकं गरगरलं. राहिलेली दोन तुमची आहेत. अॅनिमल किंगडममध्ये झाडी आहे, सावली आहे, तिथला आशियाचा भाग तर आपल्याकडच्या जुन्या संस्थानातल्या पडक्या वाड्यासारखा बांधलाय आणि त्यात खरे वाघ आहेत, चालत चालत बघता येतात, धावपळ नाही. ट्रकमधून जी सफारी असते ती सकाळी उघडल्या उघडल्या करा, जनावरं तेव्हा हलती असतात. आणि एपकॉट, ते 1982 साली सुरू झालेलं, तिथे एक बोट हळूहळू हरितगृहांमधून नेते, मातीशिवाय वाढवलेली भाजी, केळी, पपई असलं सगळं. वाडीवाल्या माणसाला त्याच्यात जेवढा वेळ जाईल तेवढा कुठल्याच पाळण्यात जाणार नाही. तळ्याभोवती 11 देशांची बांधकामं आहेत पण ती फेरी दोन किलोमीटरच्या आसपास पडते, ती अर्धीच करा.

तिसरी एक गोष्ट लेकाला सुचवा, त्याच्या मनात काहीतरी करायचं राहिलंय म्हणून. तुम्ही राहिलातच पुढं, तर मार्चपासून एपकॉटमध्ये फुलांचा महोत्सव असतो, उन्हाळा सुरू होईपर्यंत चालतो. त्याचं एका दिवसाचं सुटं तिकीट तेव्हा काढावं. विहीणबाई मार्चमध्ये येतायतच, दोघी बरोबर जा. दोघींचं मिळून तुम्हा दोघांच्या पासांच्या फरकाच्या पाव हिश्श्यातसुद्धा होईल. तसं नाही आणि ह्याच आठवड्यात अजून जावंसं वाटलं तर मुदत असेपर्यंत हे 4 दिवसांचं तिकीट 5 चं किंवा 6 चं पण करून मिळतं, पुढच्या दिवसांना सुट्या तिकिटापेक्षा बरंच कमी पडतं, फक्त ते वाढवलेले दिवससुद्धा त्या 14 दिवसांतच संपवायचे. मला नाही वाटत तुम्हाला लागेल.

सगळं बोलून झाल्यावरही पासच ठरला तर शुक्रवार संध्याकाळची वाट नका बघू. ज्याचा पास करायचाय त्यानं स्वतः पासपोर्ट घेऊन गेटाजवळच्या गेस्ट रिलेशन्सच्या काउंटरवर जायचं, पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या, आमच्या तिकिटाचे किती धरताय आणि पास कुठल्या तारखेला संपतो, आणि दोन्ही कागदावर दाखवा म्हणायचं. लेक सोबत असला तरी भावोजींना काउंटरवर पुढं उभं करा. त्यांनी एवढी वर्षं लोकांना सुटे परत दिलेत, आकडा चुकला तर त्यांच्या आधी कोणाच्या लक्षात येणार नाही.

आणि परतीची तारीख काय ठरली ते मला कळवा. शिमग्याला घरी असाल तर मी दापोलीहून निघताना दाभोळला फेरीबोट पकडून धोपाव्याला उतरेन आणि तुमच्याकडे येईन, पालखी बघायला.